शनिवारची ममा

कॉटबुसच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर एक वाळवंट आहे. जर्मनीत वाळवंट म्हटलं की आमचे भारतातले नातेवाईक हसतात, पण आहे. आधी तिथे जंगल होतं, ते जळालं. मग रशियन सैन्याने चाळीसेक वर्षं तिथे रणगाडे फिरवले. सैन्य गेलं आणि वाळू राहिली. काही चौरस किलोमीटर उघडी, पांढुरकी वाळू, आणि तिच्या कडेने पिवळे फलक: आत जाऊ नका, न फुटलेला दारूगोळा, जिवाला धोका. मी मातीवर संशोधन करते. वर्षातून चार वेळा परवाना काढून, आखून दिलेल्या पट्ट्यातून मी आत जाते आणि शेवाळ किती सरकलं ते मोजते. त्या वाळूबद्दल मला जे माहीत आहे ते आकड्यांत माहीत आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणीतरी म्हणेलच, की बाई हळवी असेल, एकटी पडली असेल. मी हळवी नाही. मी रागीट आहे.

रागीट ही पदवी मला यशपालने दिली. यशपाल माझा नवरा. मेकॅनिकल इंजिनियर, शांत, कुणालाही आवडेल असा. गेल्या सप्टेंबरात त्याने बर्लिनची नोकरी घेतली. मला न विचारता सही करून आला. मी ओरडले तेव्हा म्हणाला, "बघ, हेच. म्हणून विचारलं नाही." दोन महिन्यांनी तिथेच घर घेऊन राहायला गेला. ओळखीच्या सगळ्यांना त्याने एकच वाक्य सांगितलं: दीपाचा राग मला सोसत नाही. लोकांनी माना डोलावल्या. धम्मदीपा असं नाव असलेल्या बाईने कसं प्रसन्न असावं! माझा राग खरा होता की खोटा, हे एकानेही विचारलं नाही.

आमची मुलगी शमिका, साडेसात वर्षांची, माझ्याकडे राहिली. एक शनिवार सोडून एक शनिवार यशपाल गाडी घेऊन यायचा, तिला दिवसभर फिरवायचा आणि संध्याकाळी आणून सोडायचा. जूनमध्ये त्याने युगेंडआम्टकडे, म्हणजे इथल्या बालकल्याण खात्याकडे, अर्ज केला की शमिकाने यापुढे बर्लिनला राहावं. तिथल्या बाईंनी शमूला एकटीला बसवून विचारलं. ती म्हणाली, ममा ओरडते. एवढंच म्हणाली. पण ते कागदावर आलं, आणि तो कागद मी घरी आणून इतक्यांदा वाचला की घडीवर फाटला.

वाळवंटाला लागून एक लहानसं गाव आहे, आणि गावाच्या टोकाला एक मेक्सिकन रेस्टॉरंट. रशियन सैन्याच्या जुन्या उपाहारगृहाला नारिंगी रंग दिलेला, दारात प्लास्टरचा निवडुंग, वर पाटी: कासा रेमेदिओस, सहकुटुंब या. कामाला जाता-येता ते मला दिसायचं. आत मी कधीच गेले नव्हते. यशपाल मात्र शमूला तिथे न्यायला लागला. मुलांना खेळायला जागा आहे, उंच खुर्च्या आहेत, कुणी गडबडीला रागवत नाही, असं त्याने मेसेजमध्ये लिहिलं होतं. 'रागवत नाही' हे शब्द मला उद्देशून होते.

जूनच्या शेवटच्या शनिवारी शमू संध्याकाळी घरी आली. अंगाला दालचिनीचा आणि भाजलेल्या मक्याचा वास. जेवायला नको म्हणाली. मी म्हणाले, "दुपारी गोड खाऊन पोट भरलं असेल."

"आबर डू हास्ट या गेझाग्ट," ती म्हणाली. पण तूच तर हो म्हणालीस. शमूला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच देते.

"मी कधी?"

"दुपारी. दुसरा गोड चुरो घेऊ का विचारलं, तर तू हो म्हणालीस."

"शमू, मी दुपारी लॅबमध्ये होते."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज थोडा चढला होता, आणि आवाज चढला की ती एक पाऊल मागे सरकते. तशी सरकली. म्हणाली, "आख झो, अच्छा. ती शनिवारची ममा होती."

मी पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, मला कळलं. यशपालने कुणीतरी बाई आणली आहे, आणि माझ्या मुलीला तिला ममा म्हणायला शिकवतो आहे. रात्रभर माझे दात एकमेकांवर घट्ट होते. सकाळी जबडा दुखत होता.

दोन दिवसांनी नांदेडहून सासूबाईंचा फोन आला.

"जय भीम, आई," मी म्हणाले.

"जय भीम. बरी आहेस ना गं?" कांताबाईंचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "परवा व्हिडिओवर बघितलं तुला, किती दिवसांनी हसलीस! मी यांना म्हटलं, पोरांचं जुळतंय बघा परत. तो हिरवा कुर्ता तुला शोभतो."

"अहो आई, मी कुठे बोलले तुमच्याशी?"

"शनिवारी. ते हॉटेलात होतात ना तुम्ही तिघं? मी पोहे कसे करते ते विचारलंस तू." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ दीपा, आता परत भांडण उकरू नकोस."

हिरवा कुर्ता माझ्याकडे एकच आहे. मी कपाट उघडलं. कुर्ता घडीत होता, इस्त्री मोडलेली नव्हती, डांबरगोळीचा वास होता.

मी यशपालला फोन लावला. "कोण आहे ती?"

त्याने आधी कुठलंतरी दार लावलं. मग म्हणाला, "दीपा, तू येतेस. मी बोलवत नाही. तूच येऊन बसतेस. आणि घरी गेलीस की असे फोन करतेस. मला कळत नाही मी काय करायचं."

"पुरावा दे."

त्याने फोटो पाठवला. लाकडी टेबल, लाल सरबताचे तीन पेले, शमू, यशपाल आणि मी. हिरवा कुर्ता घालून मी हसत होते. फोटोवर वेळ होती, दुपारी एक वाजून अकरा मिनिटं. त्या वेळी मी लॅबमध्ये नमुने भट्टीत ठेवत होते. दाराला चिप लावून आत जावं लागतं. मी नोंद काढली, छापून घेतली. बारा पाचला आत, चार वीसला बाहेर. मधे बाहेर पडल्याची नोंद नाही. दोन कागद शेजारी ठेवून मी बसले, आणि मला आणखी राग आला. माझ्या मते सरळ होतं. फोटो बनवलेला आहे. सासूबाईंना बनवलेला व्हिडिओ दाखवला आहे. मी गेले त्या जागा मला आठवत नाहीत, असं हा माणूस त्या खात्याला दाखवणार. माझं डोकं ठिकाणावर नाही असं सिद्ध करणार आणि मुलगी घेऊन जाणार. मुलीच्या ताब्याची सुनावणी अडीच आठवड्यांनी, एका गुरुवारी होती.

त्याच्या आधीच्या शनिवारी मी शमूला नारिंगी फ्रॉक घातला, यशपालच्या गाडीत बसवलं, हात हलवला. ते आधी तळ्यावर पोहायला जाणार होते. मी माझी गाडी काढली आणि साडेबाराला कासा रेमेदिओससमोर उभी केली.

पस्तीस डिग्री होती. डांबर मऊ झालं होतं. आत गेल्यावर थंड वाटलं, आणि भाजलेल्या मक्याच्या वासाने क्षणभर कुणाच्या तरी चुलीपाशी आल्यासारखं झालं. छताला रंगीत कागदाच्या झालरी होत्या. कोपऱ्यात फुगे, ठोकळे, एक लाकडी घोडा. सात-आठ टेबलं, सगळ्यांवर कुटुंबं.

वेट्रेस चाळिशीची, इथलीच, ब्रांडेनबुर्गची. मला बघून तिने मेन्यूकार्ड उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"आज आत बसणार?" ती म्हणाली. "एरवी तुम्ही मागून येता."

"मी इथे पहिल्यांदाच येते आहे."

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "गेनाऊ," ती हळूच म्हणाली. बरोबर आहे. आणि मला मागच्या खिडकीजवळ बसवून निघून गेली.

खिडकी उघडी होती. बाहेर अंगण, छत्र्यांखाली चार लाकडी टेबलं, टोकाला मुलांची खेळायची वाळू, तिच्यामागे कुंपण. कुंपणात एक फाटक. फाटकापलीकडे पाइनच्या झाडांची विरळ रांग आणि मग काहीच नाही, फक्त पांढरं. फाटकावरही तो पिवळा फलक होता.

मी वाट बघत खोलीतल्या लोकांकडे पाहत बसले. तशी मला शांतता खुपली. मुलं होती, पण कुणी कुणाला दटावत नव्हतं. जवळच्या टेबलावर एक म्हातारे आजोबा, मुलगी, दोन नातवंडं. सगळे आजोबांशी बोलत होते. आजोबा हसत होते, मान डोलवत होते. त्यांचं ताट भरलेलं होतं, त्यातल्या चीजवर साय धरली होती. पलीकडच्या टेबलावर तरुण नवरा-बायको. बायको बोलतेय, नवरा हसतोय, त्याच्या ताटातला काटा अजून रुमालात गुंडाळलेला. तिसऱ्या टेबलावर एक शाळकरी मुलगी, तिचंही तसंच. मी खोलीभर नजर फिरवली. प्रत्येक टेबलावर एकेकजण हात मांडीवर ठेवून बसला होता आणि जेवत नव्हता. आणि बाकीचे त्याच्याशी असे बोलत होते, जसं आपण विमानतळावर बोलतो, थोडा वेळ उरला असताना.

एक वाजता यशपाल आणि शमू बाजूच्या वाटेने अंगणात आले. शमूचे केस ओले होते. यशपालने तीन सरबतं मागवली, अंबाडीच्या बोंडांसारखी लालभडक. मग दोघंही फाटकाकडे बघत बसले.

फाटक उघडलं आणि ती आली.

चालताना माझं डावं पाऊल किंचित बाहेर वळतं. हे मला आमच्या लग्नाच्या व्हिडिओमुळे माहीत आहे. तिचं तसंच वळत होतं. हिरवा कुर्ता, माझी वेणी, माझे खांदे. फक्त खांदे सैल होते. अंगणात बारीक कोरडी वाळू पसरली होती. साठ किलोच्या माणसाचं पाऊल तिच्यात दोन सेंटीमीटर तरी रुतायला हवं. ती फाटकापासून टेबलापर्यंत चालत आली आणि मागे वाळू सपाट होती.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला.

शमू धावत जाऊन तिच्या मांडीवर बसली. त्या बाईने तिचे ओले केस ओढणीने पुसले. तळ्यावर काय काय झालं विचारलं, मराठीत, आणि शमू सांगत राहिली, सांगत राहिली, हातवारे करत. ती ऐकत होती. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. यशपाल त्या दोघींकडे पाहत होता, आणि त्याचा तो चेहरा मी विसरून गेले होते. माझ्याकडे बघताना तो चेहरा कधीपासून बंद झाला होता, कुणास ठाऊक. नऊ वर्षं संसार मी केला. तापात रात्री मी जागले. परक्या देशात दारोदार फिरून मुलीला पाळणाघर मी मिळवून दिलं. आणि ही बाई वाळूतून येते, हसते, आणि सगळं तिचं!

मी उठले. वेट्रेस केव्हा जवळ आली कळलं नाही.

"बाहेर जाऊ नका," ती म्हणाली.

"का?"

"एकीनेच बसायचं असतं."

मी तिला बाजूला सारलं. अंगणात जायची वाट बाथरूमसमोरच्या बोळातून होती. एक दार बंद होतं, आत नळ वाहत होता आणि कुणी लहान मूल गुणगुणत होतं. मी अंगणात आले.

टेबलावर आता दोघंच होती. शमू पलीकडे कुंपणापाशी वाळूत बसली होती, माझ्याकडे पाठ करून.

"यश."

त्याने वर पाहिलं. माझ्याकडे, तिच्याकडे, परत माझ्याकडे. त्याचा रंग उतरला.

"दीपा," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते मला कळलं नाही.

त्या बाईने शेजारची खुर्ची ओढली. "बस ना," ती म्हणाली. माझाच आवाज. "किती तापलीयेस. पाणी घे थोडं."

चेष्टा नव्हती त्यात. तेच सहन झालं नाही.

"कोण आहे ही?"

"मला माहीत नाही," यशपाल म्हणाला. "पहिल्या दिवशी मला तूच वाटलीस. मग कळलं असणार, पण विचारलं नाही. मग विचारावंसंच वाटलं नाही."

"आणि माझ्या मुलीला हिच्या मांडीवर बसवतोस?"

"दीपा, हळू. लोक आहेत."

मी पेला उचलला आणि सगळं सरबत तिच्या अंगावर फेकलं. ते तिच्या छातीवर पडलं आणि मुरलं. वाळूत पाणी मुरतं तसं, वरून खाली, एका क्षणात. कुर्ता कोरडा होता. डाग नव्हता. ती माझ्याकडे त्याच काळजीने बघत राहिली.

मी वळले. कुंपणापाशी गेले, शमूला काखेत हात घालून उचललं.

"अगं, शमू तर..." यशपाल मागून काहीतरी म्हणाला. मी ऐकलं नाही.

तिने प्रतिकार केला नाही. माझ्या गळ्यात हात टाकले, गाल माझ्या मानेला लावला. गाल गरम होता, उन्हात बसल्यासारखा.

"चल आई," ती म्हणाली. "घरी जाऊ."

गाडी वळवताना आरशात यशपाल दिसला. डोळ्यांवर हात धरून तो रस्त्याकडे बघत होता. मग तो मागे फिरून आत गेला. पोटची मुलगी उचलून नेली आणि हा माणूस दहा पावलंही धावला नाही! कॉटबुसपर्यंत मी त्याला मोठ्याने शिव्या देत होते. मागच्या सीटवर ती शांत बसली होती. एरवी माझा आवाज चढला की शमू कानांवर हात ठेवते. तिने हात पुढे करून माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "राग आला तुला? येऊ दे."

मला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. गाडी कडेला घेऊन मी रडले.

घरी आल्यावर मी फोनचा आवाज बंद करून टाकला. तिला आंघोळ घातली. टबात तळाला बारीक पांढरी वाळू बसली, बरीच, पण ती वाळूतच खेळत होती. मी केस विंचरले तेव्हा तिने कुरकुर केली नाही. तिने मला माझ्या लहानपणीचं विचारलं. मी औरंगाबादचं घर, गच्ची, पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, सगळं सांगितलं. ती "मग?" म्हणायची, "मग काय झालं, आई?" स्वच्छ मराठीत. मनात आलं, हेही त्या बाईनेच शिकवलं असणार. पण तो विचार मी पुढे नेला नाही. नेला नाही, हे मी इथे कबूल करते.

साडेसातला ती माझ्या खोलीत पलंगावर पडली. बाहेर अजून ऊन होतं. मी स्वयंपाकघरात येऊन फोन पाहिला. यशपालचे एकवीस कॉल. बाविसावा तेव्हाच आला. मी उचलला.

"दीपा, अगं किती वेळ!" तो जवळजवळ कुजबुजत होता. "काय केलंस तू? तिला न घेताच निघून गेलीस. ती हात धुऊन बाहेर आली तर तू नाहीस, ती बाई नाही. दुपारपासून रडतेय. दीपा? ऐकतेयस ना? घे, तिच्याशी बोल."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा.

"ममा," शमू जर्मनमध्ये म्हणाली. "तू माझ्यावर रागावलीस का?"

मी सवयीने स्वतःत राग शोधला. सापडला नाही. कुठेच काही नव्हतं, सगळं सपाट आणि उजेडाचं.

मागे पावलं वाजली नाहीत, पण ती दारात उभी होती. विंचरलेले केस, माझा मोठा शर्ट अंगात, एका पायावर दुसरा पाय.

"कुणाचा फोन आहे, आई?"

"कुणाचा नाही," मी म्हणाले आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

लाकडातून तो आवाज अजून थोडा वेळ येत राहिला.